चौथा ठोकळा

पोचेमिस्त्रींचा उजवा अंगठा डाव्यापेक्षा चांगला दीडपट रुंद होता. जवळपास पन्नास वर्षं पत्र्यावरून फिरून फिरून तो चपटा झालेला, वरच्या रेषा पार पुसून गेलेल्या. पेन्शनच्या कचेरीत अंगठा ठेवायची वेळ आली, तर यंत्र काही तो वाचेना. कारकून कंटाळून म्हणाला, "आजोबा, तुमचा अंगठा मशीन ओळखत नाही." मिस्त्री म्हणाले, "न ओळखू दे. मी तरी तिला कुठे ओळखतो?"

खरं नाव घरपट्टीच्या पावतीवर होतं, तेवढंच. बाकी सगळ्यांना ते पोचेमिस्त्री. आपटलेल्या, चेपलेल्या, लोळण घेतलेल्या गाड्या वर्कशॉपमध्ये यायच्या आणि मिस्त्री त्यांचे पोचे काढायचे. डोळे मिटून पत्र्यावर हात फिरवायचे. फिरता फिरता अंगठा एका जागी थांबायचा, आणि बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नसताना तिथे केसभर खड्डा निघायचा. पोचा तसाच ठेवून वर लांबी, म्हणजे पुटी, भरणाऱ्या, घासून गुळगुळीत करून रंग मारणाऱ्या मिस्त्र्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. "तोंडाला पावडर फासून वय लपवायचा धंदा," म्हणायचे. उजवा कान हातोड्यांनी खाल्ला होता, त्यामुळे समोरच्याशी बोलतानाही ते पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला हाक मारल्यासारखे बोलत.

आणि त्यांचा एक नियम होता. विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

नियम त्यांच्या वस्तादाचा. चौदाव्या वर्षी मिस्त्री कामाला लागले तेव्हा वस्तादाने त्यांच्यापुढे बसचं एक दार टाकलं. मिस्त्रींनी आठ दिवस ते उलट्या बाजूने ठोकलं. वस्ताद रोज शेजारी उभा राहून सिगारेट ओढायचा आणि बघायचा. नवव्या दिवशी त्याने ते दार उचलून भंगारात भिरकावलं आणि म्हणाला, "विचारलं असतंस तर सांगितलं असतं." ही गोष्ट मिस्त्री जन्मभर रंगवून सांगत आले. शेवटाला डोळे पाणावायचे. "त्या दिवशी जे डोक्यात बसलं ना, ते मरेपर्यंत निघायचं नाही. तोंडाने शिकवलेलं कानातून गळून जातं."

त्यांना दोन मुली. धाकटी लग्न होऊन दूर गेली. थोरली घरातच राहिली. तिने लग्न का केलं नाही याची घरातल्या तिघांकडे तीन वेगळी कारणं होती आणि तिघंही आपलं कारण दुसऱ्याला सांगत नव्हते. थोरलीला लहानपणापासून हातोड्याचा नाद. सतरा वर्षांची असताना बापाच्या मागे लागून लागून वर्कशॉपला गेली. मिस्त्रींनी तिच्यापुढे एक मडगार्ड टाकलं.

पत्र्याचा पोचा कडेकडून सोडवत आत यायचं असतं. नवखा माणूस हमखास मधोमध ठोकतो, कारण खड्डा तिथे खोल दिसतो. मग पत्रा ताणला जातो आणि कायमचा सैल होऊन बसतो. थोरलीने मधोमध ठोकलं. चार दिवस ठोकलं, तळहाताला फोड येईपर्यंत. मिस्त्री शेजारी उभे. चौथ्या दिवशी संध्याकाळी, हातपाय धुवायला सगळी माणसं नळाजवळ जमलेली असताना, त्यांनी मडगार्ड उचललं आणि मध्यावर तो चपटा अंगठा दाबला. टक्. पत्रा आत गेला. अंगठा काढला. टक्. बाहेर आला. टक् टक्, टक् टक्, पोरांच्या खेळण्यातल्या बेडकासारखं. सगळं वर्कशॉप खो खो हसलं. मिस्त्री हसले नाहीत. "विचारलं असतंस तर सांगितलं असतं," एवढंच म्हणाले आणि साबण घेऊन नळाला गेले.

थोरलीने परत त्या वर्कशॉपची पायरी चढली नाही. गावाबाहेर फायबरच्या होड्या बनवायचा कारखाना होता, तिथे लागली. बावीस वर्षं झाली. आता होडीच्या सांगाड्याचं सगळं काम तिच्या हाताखाली चालतं. घरात मात्र मिस्त्री त्या कामाला 'केस आणि थुंकी' म्हणत. "काचेचे केस पसरायचे, वर थुंकी लावायची आणि वाळेस्तोवर बसून राहायचं. त्याला काय काम म्हणायचं?" थोरली ताटावरून मान वर करत नसे. तिची आई मात्र म्हणायची, "ती थुंकीच या घरात भाजी आणते हो, जरा हळू बोला."

साठी उलटली आणि मिस्त्रींची मनगटं गेली. चहाचा कप धरला की बशीत पाऊस. डॉक्टरांनी हातोडा बंद केला. वर्कशॉपने घड्याळ दिलं, हार घातला आणि त्यांची जागा रिकामी केली. मिस्त्री घरी आले ते हत्यारांची पेटी घेऊन. त्या पेटीच्या झाकणाला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं, कुठल्याशा परदेशी कॅलेंडरातून फाडलेलं, चौदाव्या वर्षापासूनचं. जुन्या घाटाची ठेंगणी गाडी, टप छाटून खाली आणलेला, पुढची चाकं उघडी, इंजिन बॉनेटबाहेर डोकावतंय. हॉट रॉड म्हणतात तिला. दुसऱ्यांच्या गाड्या सरळ करण्यात जन्म गेला; स्वतःची एकही नव्हती. हीच एक गाडी आपल्या हाताने ठोकून बनवायची असं मिस्त्रींनी ठरवून ठेवलं होतं. आता ठोकायला हात राहिला नव्हता.

मग एक दिवस टेंपोतून ती आली. कुणा हौशी माणसाने मागवून अर्ध्यात सोडून दिलेली, त्याच चित्रातल्या घाटाची नुसती बॉडी. फायबरची. दोघांनी दोन बाजूंनी धरून ती परातीसारखी अंगणात आणून ठेवली.

बघायला रंगारी आला होता. वर्कशॉपचा रंगारी, मिस्त्रींचा तीस वर्षांचा सोबती, तोंडाचा पट्टा कधी बंद नसलेला. त्याने बॉडीवर टिचकी मारली.

"अरे मिस्त्री, ही गाडी आहे की टोपलं? बसायचं की कपडे भिजवायचे हिच्यात?"

"बघशील. मेळाव्याला हिच्यातून येणार आहे मी."

"केस आणि थुंकी घेऊन?"

"माझा हात लागला की थुंकीसुद्धा सरळ होते."

वर्षातून एकदा गावात जुन्या गाड्यांचा मेळावा भरायचा. वर्कशॉपची सगळी नवीजुनी मंडळी यायची. मिस्त्रींनी त्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून टाकलं की यंदा मी येतोय, माझ्या गाडीतून, माझ्या हातच्या. हाताशी अडीच महिने होते.

थोरली संध्याकाळी कामावरून आली. अंगणातली बॉडी तिने चालता चालता एकदा पाहिली. आतून हात घालून भिंत चिमटीत धरून पाहिली. पातळ होती, नुसती साल. अशी साल आतून पाइपांच्या सांगाड्याने बांधून घ्यावी लागते, तेव्हा ती गाडी होते. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "कामाचं मला काही सांगायचं नाही हं."

"मी कुठे काय म्हणाले?"

"म्हणायच्या आधीच सांगून ठेवतोय."

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातून रबरी हातमोजे आणि तोंडाला लावायचा जाड मास्क आणून बॉडीवर ठेवला.

"हे कशाला?"

"काचेचा भुगा छातीत गेला की निघत नाही, बाबा. हे कामाचं नाही सांगत, जिवाचं सांगतेय."

मिस्त्रींनी मोजे घेतले. मास्क खुंटीला टांगला.

पहिला महिना फायबरने त्यांचं पाणी जोखलं. बाहेरची बाजू घासायला घेतली तर पॉलिश पेपर मेण चढून गुळगुळीत व्हायला लागला. रंगाऱ्याने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, साच्यातून सुटावी म्हणून मेण लावतात हिला. आधी धू, पूस, मग घास. नाहीतर माझा रंग माशाच्या डोळ्यांसारखा फाटेल." रंगारी न विचारता सगळं सांगायचा, त्याला कुठलाच वस्ताद आडवा आला नव्हता. पण त्याला बाहेरचं कळायचं. आतलं त्याला ठाऊक नव्हतं.

आतल्या कामाला रेझिन, म्हणजे ती थुंकी. त्यात थेंबांच्या हिशेबाने ते घट्ट करणारा हार्डनर घालायचा असतो. मिस्त्रींनी पहिल्या वेळी सढळ हाताने ओतला. डबा हातातच तापला, धूर सोडायला लागला आणि दगड झाला. दुसऱ्या वेळी भीतभीत घातला, तर लावलेली काचेच्या केसांची मॅट तीन दिवस डिंकासारखी चिकट राहिली आणि त्यावर अंगणातल्या सगळ्या माश्या येऊन कायमच्या राहायला बसल्या. मिस्त्रींनी ती खरवडून काढली. कोपरापर्यंत हात खाजून लाल झाले. काचेची ती कुसळं डोळ्याला दिसत नाहीत. चोळलं की तेवढी बोचतात. थोरली येता जाता हे बघत होती. तिने बापाला थंड पाण्याची बादली आणून दिली. "चोळू नका. नुसते बुडवून ठेवा." हेही जिवाचंच होतं.

पण हात तो हात. महिनाभरात मिस्त्रींना रेझिन वळलं. ब्रश ओढायचा नाही, टिपायचा. मॅट पांढरी असते ती भिजून काचेसारखी आरपार झाली की बुडबुडे कडेला ढकलत न्यायचे. एका संध्याकाळी थोरली मागच्या दारात उभी राहून बघत होती. मिस्त्रींनी बॉडीच्या आतल्या वळणावर मॅट बसवली, एकही बुडबुडा नाही, एकही सुरकुती नाही. तिच्या कारखान्यात चार-चार वर्षं काढलेल्या माणसांना ते वळण साधत नव्हतं. तिला वाटलं, छान झालंय म्हणावं. मग वाटलं, त्यांनी कधी म्हटलंय?

आता पाइपांचा सांगाडा आत बसवायचा. खरं तर चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, आली की बॉडी तिच्यावर बोल्टांनी पक्की आवळायची, दारं लावून फटी बघायच्या, आणि मग सांगाडा चिकटवायचा. पण चासी वेल्डरकडे होती आणि वेल्डर आज देतो, उद्या देतो करत होता. मेळाव्याला पाच आठवडे. मिस्त्रींनी लाकडाचे चार ठोकळे कापले, चारही एका मापाचे, आणि अंगणात फरशीवर मांडून बॉडी त्यांच्यावर ठेवली. आत हात घालायला अडचण होते म्हणून दोन्ही दारं काढून भिंतीला लावून ठेवली. एक डोळा मिटून पुढून पाहिलं, मागून पाहिलं. बॉडी चारही ठोकळ्यांवर नीट टेकलेली. सपाटी बघायची पाणसळ पेटीत होती. ती काढायची गरज वाटली नाही. हा डोळा बसचा टप सुतात आहे की नाही ते सांगत आला होता.

अंगणाची फरशी तीन कोपऱ्यांना सारखी होती. चौथा कोपरा मोरीकडे उतरलेला, पाणी जावं म्हणून.

पत्र्याची बॉडी असती तर तीन ठोकळ्यांवर टेकून चौथ्यावर डुगडुगली असती. फट दिसली असती. पत्रा बोलतो. फायबरची साल मुकाट्याने लवली आणि चौथ्या ठोकळ्यावरही जाऊन बसली. पत्र्याला आपला आकार आठवतो. फायबरला काही आठवत नाही, शेवटी जसं धराल तसं ते घट्ट होतं.

थोरली चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मिस्त्री पहिला पाइप बसवत होते. तिने खाली सांडलेल्या भुग्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी बॉडीखालून वाहत गेलं, तिसऱ्या ठोकळ्याला वळसा घालून थेट चौथ्याकडे, आणि तिथून मोरीत. ती बघत राहिली. तिला सगळं कळलं. कारखान्यात असं दिसलं असतं तर ती तिथूनच ओरडली असती.

ती खांबाला टेकून उभी राहिली. कप तिच्याच हातात राहिला.

"चहा आणलास की दाखवायला आणलास?" मिस्त्री आतून म्हणाले.

"घ्या."

त्यांनी कप घेतला. एक घोट घेतला आणि कपातच बघत राहिले. "अगं, हे..." म्हणाले.

थोरली खांबापासून सरकली. "काय?"

ते पाइपाकडे बघत होते. मग कपाकडे. "साखर घालायची विसरली का तुझी आई?"

"डॉक्टरांनी कमी करायला सांगितलीय."

"हां." त्यांनी कप परत दिला.

आठ दिवस मिस्त्री सांगाडा चिकटवत होते. तळाला आडवे पाइप, दाराच्या चौकटींना उभे, मागे कमान, प्रत्येक जोडावर मॅटचे तीन-तीन थर. रोज संध्याकाळी थोरली खांबाला टेकून उभी असायची. रोज वाटायचं, आज सांगून टाकू. दुसऱ्या दिवशीपर्यंत एका पाइपाचंच काम होतं, तासाभरात निघालं असतं. चौथ्या दिवशी निम्मं झालं. कामाचं सांगू नकोस असं त्यांनीच बजावलं होतं, ते एक निमित्त तिच्या पदरात होतंच. आठव्या दिवशी मिस्त्रींनी बॉडीवर थाप मारली. टोपल्याचा आवाज गेला होता. भरीव, ढप्प असा आवाज आला.

"झाला की नाही दगड?" ते म्हणाले.

"झाला," थोरली म्हणाली.

पुढच्या रविवारी वेल्डर चासी घेऊन आला. चाकं लावलेली. रंगारीही आला. मिस्त्री, थोरली, रंगारी, वेल्डर अशा चौघांनी चार कोपऱ्यांना धरून बॉडी उचलली आणि चासीवर ठेवली. तीन बोल्ट सटासट गेले. उरलेल्या कोपऱ्याला बॉडी आणि चासीच्या मधे दीड बोट फट.

वेल्डरने हात वर केले. "माझी चासी वाकडी नाही हं, आधीच सांगतो." त्याने आपली पाणसळ काढून चासीवर आडवी ठेवली, उभी ठेवली. बुडबुडा मधोमध.

"रंगाऱ्या, बस त्या कोपऱ्यावर," मिस्त्री म्हणाले.

रंगारी बसला. काहीतरी करकरलं आणि बोटभर खाली गेलं. मिस्त्रींनी उजवं दार आणून चौकटीत धरलं. वरून आत जाईना. डावं लावलं, ते लागलं, पण हात सोडताच आपोआप उघडून लोंबायला लागलं.

"आत या म्हणतंय," रंगारी म्हणाला आणि मिस्त्रींचा चेहरा बघून कोपऱ्यावरून खाली उतरला.

मिस्त्रींनी अंगठा डाव्या दाराच्या फटीवर ठेवला. वर अंगठा आत जात होता, खाली नखही जाईना. मग ते वळले, पेटीतून आपली पाणसळ काढली आणि अंगणात जिथे चौथा ठोकळा होता तिथे फरशीवर टेकवली. बुडबुडा सरकला आणि टोकाला जाऊन चिकटला. मिस्त्री उकिडवे बसून त्याच्याकडे बघत राहिले. मग उठले.

ते थोरलीकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"बोलली नाहीस."

बावीस वर्षं हे वाक्य तिच्या तोंडात होतं. इतक्यांदा घोळवलेलं की त्याच्या कडा झिजून गेल्या होत्या. ते तिने आता म्हटलं. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

रंगारी आकाशाकडे बघायला लागला. वेल्डरने बोल्ट मोजायला घेतले. थोरली बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिथे काहीतरी यायला हवं होतं. काय ते तिलाही नीट माहीत नव्हतं. मिस्त्रींच्या कपाळावर आठी पडली. मग ती आठी सैल झाली. त्यांनी मान डोलावली.

"बरोबर," ते म्हणाले. आवाज पुन्हा पूर्वीसारखा चढला. "अगदी बरोबर केलंस. बघितलंत का रे? आठ दिवस बघत होती. हूं नाही की चूं नाही. ह्याला म्हणतात शिकवणं. आमचा वस्ताद अस्साच होता. त्याने एकदा मला बसचं दार दिलं होतं..."

"बाबा, मडगार्ड आठवतं का तुम्हाला?"

"कुठलं मडगार्ड?"

"माझं. मी सतरा वर्षांची होते. नळाजवळ. सगळे हसले होते."

मिस्त्रींनी खरोखर आठवून पाहिलं. कपाळ आक्रसून, प्रामाणिकपणे. "मडगार्डं काय गं, हजारो झाली. त्याचं काय?"

"काही नाही," थोरली म्हणाली आणि आत गेली.

आत आई भांडी घासत होती. थोरलीने नळाखाली हात धरले आणि चोळायला लागली.

"सांगायचं होतंस," आई म्हणाली.

"ते आयुष्यभर सांगत होते का कुणाला?"

"नाही ना. म्हणून तर म्हणते." आईने पातेलं उपडं घातलं. "त्या दिवशी तू खांबाला टेकून उभी होतीस. कप हातात, तोंड मिटलेलं. मी खिडकीतून बघितलं आणि क्षणभर मला वाटलं, हे गाडीच्या आत आहेत तर बाहेर उभं कोण आहे?"

थोरलीने नळ बंद केला. "आई, गप्प बस."

"बसलेच आहे. बावीस वर्षं दुसरं काय करतेय?"

दोन दिवस अंगणात कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना मिस्त्री ताटाकडे बघत म्हणाले, "तुमच्याकडे होडीला असं झालं तर काय करता?"

एवढंच. विचारणं म्हणायचं तर विचारणं होतं.

"कापतो."

"सगळं?"

"सगळं. सांगाडा कापून काढायचा, साल मोकळी करायची, चासीवर आवळायची आणि पुन्हा पहिल्यापासून."

"दुसरा इलाज नाही?"

"लांबी भरून दारं जुळवता येतील. पहिल्या खड्ड्यात फुटतील."

मिस्त्रींनी घास गिळला.  "मग काप," म्हणाले. "माझ्याच्याने नाही व्हायचं ते."

रविवारी थोरलीने ग्राइंडर चालवला. मास्क लावून, डोळ्यांवर चष्मा चढवून, एक एक जोड कापत गेली. त्या वळणावरची मॅट, एकही बुडबुडा नसलेली, ती तिने शेवटी ठेवली होती. तीही कापावी लागली. पांढरा भुगा सगळ्या अंगणावर बसला. मिस्त्रींना खोकला लागला होता, म्हणून आईने त्यांना पुढच्या पायरीवर नेऊन बसवलं. ते उजवा कान अंगणाकडे करून बसले. त्या कानाला काही ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर मिस्त्रींनी ब्रश हातात धरला नाही. ते रोज संध्याकाळी यायचे, खांबाला टेकून उभे राहायचे. थोरली मात्र बोलत होती. बॉडी चासीवर आवळताना बोलत होती, दारांच्या फटीत सारख्या जाडीच्या पट्ट्या अडकवताना बोलत होती. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून सांगत होती, न विचारता, सगळं. "बाबा, पाइप आणि साल यांच्या मधे फोमची पट्टी घालायची. थेट चिकटवला तर उन्हात तापून पाइपाची रेघ रंगावर उमटते."

"कळलं, कळलं."

"आणि आतून आधी खरबरीत घासून घ्यायचं, नाहीतर जोड सुटतो. इथे बघा. हे तुम्ही करता का? ते वळण मला तुमच्यासारखं जमत नाही."

"जमेल," मिस्त्री म्हणाले. "चूक कर, मग जमेल." आणि हात मागे बांधून उभेच राहिले. तिने दोनदा ब्रश पुढे केला. दोन्ही वेळा त्यांनी तो बघितलाच नाही असं केलं.

त्या वर्षीचा मेळावा निघून गेला. मिस्त्री गेले नाहीत. सर्दी झाली म्हणाले. इंजिन बसवून गाडी पुढच्या मेळाव्याला उभी राहिली. रंगाऱ्याने गडद लाल रंग लावला, तोंडाचा पट्टा बंद ठेवून, आणि खरोखरच कुठे एक माशाचा डोळा उठला नाही. पेटीच्या झाकणातल्या चित्रात आणि तिच्यात फरक एवढाच की चित्रातली गाडी पत्र्याची होती.

मेळाव्यात वर्कशॉपची मंडळी तिच्याभोवती जमली. कुणी वाकून खाली बघितलं, कुणी टिचकी मारली. दार उघडलं, एका बोटाने ढकललं, ते बिनआवाज आत गेलं आणि एकदाच खट् वाजलं.

"मिस्त्री, हात गेले म्हणता आणि हे कसलं काम?" कुणीतरी म्हणालं.

"माझं नाही," मिस्त्री म्हणाले. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पोरीचं आहे. पण तिला शिकवलं कुणी?" आणि त्यांनी तो चपटा अंगठा आपल्या छातीवर टेकवला. "एक शब्द न बोलता शिकवलंय."

मंडळी कौतुकाने हसली. नळाजवळ हसली होती त्यातली तिघं-चौघं त्यात होती, केस पांढरे झालेली. त्यांनाही काही आठवत नव्हतं.

रंगारी हळूच थोरलीजवळ सरकला. "काय गं, खरंच?"

तिला नाही म्हणता आलं असतं. मनगटावर कुठेतरी काचेचं कुसळ होतं, आठ दिवसांपूर्वीचं, बाहीला लागून बोचत होतं.

"हो," ती म्हणाली. "त्यांच्याकडूनच शिकले."

ऊन उतरायला लागलं, मंडळी पांगली. मिस्त्री गाडीजवळ एकटे राहिले तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघितलं, डोळे मिटले आणि अंगठा दाराच्या फटीवर वरच्या टोकाला ठेवला. सावकाश खाली आणला. कुठेही थांबला नाही. खालून वळून पुन्हा वर नेला. थांबला नाही. थोरली पलीकडच्या बाजूला उभी राहून बघत होती. गाडीच्या टपावरून दोघांची नजर भेटली.

मिस्त्री थांबले होते. तोंड जरासं उघडं होतं. कसं झालंय, एवढे दोनच शब्द तिने विचारायचे होते.

थोरलीने आपल्या बाजूचं दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे बसली.

"बसा बाबा," ती म्हणाली. "दार ओढून घ्या."

त्यांनी ओढलं. ते लागलं.